सोप्या वाटा



सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पहाटे चारला उठवलेली मुले, दशम्यांचा डबा, खच्चून भरलेली गाडी, दिवसभरात उरकायची दोन देवळे, एक धरण आणि एक किल्ला. आणि रात्री एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपलेली मंडळी. दीडशे मैलांचा प्रवास घडतो, पण पायांना विचाराल तर ते म्हणतील, आम्ही अर्धा मैलसुद्धा चाललो नाही. आज मी बोलणार आहे ते याहून फार साध्या सहलीविषयी. अशी सहल की जिच्यात सात वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी या दोघीही शेवटपर्यंत बरोबर असतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहकुटुंब इंग्लंडला गेलो होतो. माझा आतेभाऊ तिकडे लीड्स शहरात नोकरी करतो. बरोबर माझी पत्नी, धाकटी मुलगी आणि माझी आई. आई मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. गुडघे दुखरे, परंतु डोळे तीक्ष्ण. लीड्समध्ये दोन दिवस झाल्यावर भाऊ म्हणाला, “मामी, आता चार दिवस आपण कॅरॅव्हॅनमध्ये राहायला जायचं. खेड्यात.”

आईने विचारले, “म्हणजे गाडीत राहायचं?”

“हो. गाडीतच.”

“मग जत्रेसारखं म्हण की!”

आईने एका वाक्यात जे सांगितले त्याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही. आपल्याकडे जत्रेला जाताना शेतकरी बैलगाडीवर तट्ट्या घालतो, त्याखाली अंथरुण-पांघरुण, पीठ-मीठ, पोरेबाळे घेतो आणि देवाच्या माळावर गाडी सोडून तिथेच चार दिवसांचा संसार मांडतो. कॅरॅव्हॅन ही तीच गोष्ट. मोटारीच्या मागे जोडून ओढून नेता येते असे चाकांवरचे छोटे घर. आत दोन-चार माणसांना निजायची सोय, एक शेगडी, एक मोरी. हौसेसाठी अशी गाडी बांधून घेण्याचा मान सामान्यतः डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स या लेखकाला देतात. त्याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी तयार करवून घेतली. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा क्लबही निघाला. पुढे घोड्यांच्या जागी मोटार आली आणि ही हौस सामान्य कुटुंबांच्याही आवाक्यात आली. अशा गाड्या उभ्या करण्यासाठी खेडोपाडी राखलेल्या ज्या जागा असतात त्यांना म्हणतात कॅरॅव्हॅन पार्क. आपण त्याला ‘तळ’ म्हणू. वारीचा असतो तसा तळ. पाण्याचा नळ, स्नानगृहे, कचऱ्याची पेटी आणि हिरवळीवर ओळीने उभ्या असलेल्या गाड्या; बाकी काही नाही.

आमचा तळ यॉर्कशर परगण्यात, मॅलम नावाच्या छोट्याशा गावाजवळ होता. लीड्स शहरातून वाहणारी एअर नदी याच भागात उगम पावते. गाव इवलेसे. मधून ओढा वाहतो, त्यावर दगडी पूल, दगडी घरे, आणि चहूबाजूंना टेकड्यांवर चढत गेलेल्या दगडी भिंती. पहिल्या संध्याकाळी मी भावाला विचारले, “उद्या काय काय बघायचं?” माझ्या मनात यादी तयार होती. तो म्हणाला, “बघायचं असं काही नाही. चालायचं. वाटेत जे भेटेल ते बघायचं.”

खरे सांगतो, मी मनातून थोडा निराश झालो. एवढे हजारो मैल आलो ते काय शेताच्या बांधावरून चालायला? पण तीन दिवस आम्ही तेच केले. आणि त्या तीन वाटांनी मला जे शिकवले ते पुष्कळ पुस्तकांनी शिकवले नव्हते.

पहिली वाट ‘जॅनेट्स फॉस’ नावाच्या धबधब्याची. गावापासून सुमारे दीड मैल. ‘फॉस’ हा उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा शब्द. त्याचा अर्थ धबधबा. जॅनेट ही परीराणी, ती म्हणे धबधब्यामागच्या गुहेत राहते. वाट आधी ओढ्याच्या काठाने, कुरणांतून जाते आणि मग एका दाट झाडीत शिरते. मे महिन्यात त्या झाडीत जमीन दिसत नाही. सगळीकडे रानलसणीची पांढरी फुले पसरलेली असतात आणि हवेत लसणीचा वास भरून राहिलेला असतो. आई म्हणाली, “अगो बाई, कुणी फोडणी घातली का काय!” धबधबा म्हणाल तर लहानसाच. आपल्या आंबोलीच्या मानाने तो काहीच नव्हे. पण त्याच्या पायथ्याशी जो डोह आहे त्यात पूर्वी जून महिन्यात लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत असत. गावोगावचे मेंढपाळ तेथे जमत आणि मेंढ्या धुण्याचे काम म्हणजे एक उत्सवच होऊन जाई. ही हकीकत ऐकल्यावर आई त्या डोहाकडे निराळ्याच नजरेने पाहू लागली. पोळ्याला किंवा बेंदराला बैल धुवायला नदीवर नेतात तो डोह तिला आठवला असावा.

दुसरी वाट मॅलमच्या कड्याची. तिकडे त्याला ‘मॅलम कोव्ह’ म्हणतात. गावापासून पाऊण-एक मैल; वाट सपाट केलेली. दुरूनच समोर एक प्रचंड पांढुरकी भिंत दिसू लागते. उंची सुमारे ८० मीटर, म्हणजे २६० फूट, आणि आकार अर्धचंद्रासारखा वळलेला. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, ज्वालामुखीच्या रसाने घडलेला. हा कडा चुनखडकाचा आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस, बारा हजार वर्षांहूनही आधी, वितळत्या बर्फाच्या पाण्याचा विराट धबधबा यावरून कोसळत होता. त्या पाण्याने आणि बर्फाने कड्याला हा आकार दिला. आज वर पाणी नाही. मात्र कड्याच्या अगदी पायथ्यातून, जणू भिंतीखालून, एक ओढा मुकाट्याने बाहेर पडतो.

मुलीने साहजिक प्रश्न केला, “बाबा, हे पाणी आलं कुठून?”

कड्याच्या वरच्या अंगाला, मैल-दीड मैलावर, एका तळ्यातून निघालेला प्रवाह एकाएकी जमिनीत गडप होतो. कुणालाही वाटेल, तेच पाणी इथे खाली निघते. परंतु शास्त्रज्ञांनी पाण्यात खुणेची द्रव्ये सोडून शोध घेतला तेव्हा असे आढळले की ते पाणी इथे येतच नाही. ते गावाच्याही खाली, एअर नदीच्या उगमाच्या झऱ्यांत निघते. आणि कड्याखालचा ओढा दुसरीकडेच गडप झालेल्या पाण्याचा! चुनखडक पाण्यात विरघळतो, त्याच्या भेगा रुंदावत जातात, आणि जमिनीच्या पोटात पाण्याच्या गल्ल्या तयार होतात. दोन गल्ल्या एकमेकींना न भेटता जातात. ६ डिसेंबर २०१५ या दिवशी डेस्मंड वादळाचा एवढा पाऊस झाला की त्या गल्ल्यांत पाणी मावेना, आणि माणसांच्या आठवणीत प्रथमच काही तास त्या कड्यावरून पुन्हा धबधबा कोसळला. ही एवढी भूगोलाची शिकवणी आम्हाला मैलभर चालून मिळाली. शिक्षक मित्रांनी हे ध्यानात घ्यावे. मुलाला प्रश्न पडायचा तो चालताना पडतो, मोटारीच्या काचेतून नव्हे.

कड्याच्या बाजूने माथ्यावर जायला सुमारे चारशे पायऱ्या आहेत. आई खालीच एका शिळेवर बसली. तिथे कड्याच्या कपारीत बहिरी ससाणे घरटी करतात. त्यांच्या भराऱ्या बघण्यात तिचा तास कसा गेला ते तिला कळले नाही. आम्ही वर गेलो. वर चुनखडकाची उघडी फरसबंदी पसरलेली आहे. मोठाले दगडी ठोकळे आणि त्यांच्यामध्ये खोल भेगा. त्या भेगांमध्ये वारा लागत नाही, ओल टिकते, म्हणून नेचे वाढतात. मुलगी प्रत्येक भेगेशी पालथी पडून आत डोकावत होती. उतरायला आम्हाला ठरल्याहून दुप्पट वेळ लागला.

तिसरी वाट गॉर्डेल नावाच्या घळीची. शंभर मीटरहून उंच असे दोन कडे समोरासमोर वाकून उभे, मध्ये ओढा, आणि घळीच्या तोंडापर्यंत अगदी सपाट वाट. आत पुढे धबधब्यावरून चढून जाणारे धाडसी लोक असतात. आम्ही त्यांच्यातले नव्हतो. घळीत शिरलो, मान वर करून पाहिले, डबा खाल्ला आणि परत फिरलो. सोप्या वाटेचा हा पहिला नियम म्हणून सांगतो. जिथे अवघड सुरू होते तिथे आनंदाने परत फिरावे. त्यात कमीपणा नाही.

आता मुद्द्याकडे येतो. या तिन्ही वाटा सोप्या होत्या. पण त्या निसर्गतःच सोप्या होत्या काय? मुळीच नाही. तो डोंगराळ प्रदेश आहे, दर शंभर पावलांवर कुणाची तरी मालकीची भिंत आहे, आत गुरे-मेंढरे आहेत. तरीही एक परदेशी कुटुंब, नऊवारी नेसून पायांत बूट घातलेल्या आजीसह, कुणाचीही परवानगी न काढता लोकांच्या कुरणांतून खुशाल चालत होते आणि कुणी हटकत नव्हते. ठिकठिकाणी लाकडी खांबावर पिवळा बाण. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा बाण म्हणजे घोडेस्वारांनाही मोकळी असलेली वाट. भिंत आडवी आली की तीत माणसापुरती सोय केलेली. कुठे अर्ध्या वर्तुळात झुलणारे फाटक, ज्यातून माणूस वळसा घेऊन जातो पण मेंढरू जाऊ शकत नाही; कुठे दोन उभ्या शिळांमध्ये मांडीएवढी फट; कुठे भिंतीवर चढून पलीकडे उतरणारी लाकडी शिडी. शिडी दिसली की आई फटीची वाट शोधायची, आणि बहुधा ती जवळपास सापडायचीही.

ही सोय आपोआप झालेली नाही. तिच्यामागे भांडण आहे, आणि तुरुंगवासही आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत इंग्लंडमधल्या डोंगरांवरची पुष्कळ माळराने जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांना रविवारच्या एका दिवसात मोकळी हवा हवी होती, पण माळावर पाऊल टाकले की राखणदार काठ्या घेऊन धावत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर काहीशे तरुण मुद्दाम बंदी मोडून चढले. त्यांची राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंगात जावे लागले. चालल्याबद्दल तुरुंग! लोकमत ढवळून निघाले. पुढे १९४९ साली संसदेने राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील वाटा यांविषयीचा कायदा केला. त्या कायद्यान्वये गावोगावच्या सार्वजनिक वाटांची पाहणी करून त्यांचे अधिकृत नकाशे तयार करायचे ठरले. टॉम स्टिफन्सन नावाच्या पत्रकाराने १९३५ मध्ये, इंग्लंडच्या कण्यासारख्या पेनाइन डोंगररांगेवरून एक लांब पायवाट काढावी अशी कल्पना मांडली होती. ती सुमारे २६८ मैलांची ‘पेनाइन वे’ अखेर १९६५ साली खुली झाली. तो समारंभ झाला याच मॅलमच्या माळावर, आणि दिवस होता २४ एप्रिल. किंडर स्काउटला बरोबर तेहतीस वर्षे झाली होती.

आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे १ लाख ४० हजार मैल लांबीच्या अशा सार्वजनिक वाटा आहेत. कायदा काय सांगतो? एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे अखंड, उघडपणे, बळजबरी न करता आणि कुणाची परवानगी न मागता चालत आले असतील, तर ती वाट सार्वजनिक मानायला आधार मिळतो. शेतातून आडवी जाणारी पायवाट नांगरताना मोडली, तर शेतकऱ्याने ती सामान्यतः चौदा दिवसांच्या आत, किमान एक मीटर रुंदीची, पुन्हा करून द्यायची असते. शेत त्याचे, पीक त्याचे. पण त्यातल्या एक मीटरवर सगळ्यांच्या पावलांचा हक्क.

आणि हक्क आला की कर्तव्य आलेच. १९५१ मध्ये तिकडे चालणाऱ्यांसाठी साध्या नियमांची एक संहिता प्रसिद्ध झाली; काळानुसार तिच्यात बदल होत आले, पण गाभा तोच आहे. फाटक जसे सापडले तसे ठेवा. शेतातून जाताना वाट सोडू नका. कुत्रा ताब्यात ठेवा. विस्तवाला जपा. कचरा घरी न्या. हे मी आधी पुस्तकात वाचले होते, मुलीला वाचूनही दाखवले होते. आणि पहिल्याच दिवशी मी ते मोडले.

झाले असे की एका कुरणाचे लोखंडी फाटक उघडून आम्ही पलीकडे गेलो. मी सर्वांच्या मागे होतो. बोलण्याच्या नादात फाटक नुसते लोटले. अडसर बसला की नाही ते पाहिले नाही. पन्नास पावले गेल्यावर आई थबकली आणि मागे न बघताच म्हणाली, “अरे, बेडं लावलंस का?”

बेडे म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या श्रोत्यांना सांगायला हवे. कोकणात कुंपणाला जिथे जाण्यायेण्याची वाट ठेवतात तिथे आडव्या काठ्यांचे किंवा बांबूचे जे साधे फाटक असते ते बेडे. मी मागे वळून पाहिले तर फाटक हळूहळू उघडत होते आणि दोन कोकरे बाहेर येऊन माझ्याकडे बघत होती. मी धावलो. कोकरे अर्थातच उलट्या दिशेने पळाली. शेवटी आईने मला बाजूला केले, पदर खोचला, दोन्ही हात पसरून अंगणातली वासरे वळवावीत तशी त्या विलायती कोकरांना हळूहळू वळवून आत घातले आणि स्वतःच्या हाताने अडसर लावला. “एवढा शिकलास,” ती म्हणाली, “पण वाटेनं चालायचं शिकला नाहीस.”

नंतर ती त्या दगडी भिंतीवर हात फिरवीत उभी राहिली. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. दोन्ही बाजूंना मोठे दगड, पोटात बारीक दगडांची भर, मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड, आणि वर उभ्या दगडांची टोपी. “हा तर गडगा!” आई म्हणाली. “आमच्या आगरात असाच होता.” माणसाला परक्या मुलखात आपले घर कशात सापडेल ते सांगता येत नाही. आईला ते गडग्यात आणि बेड्यात सापडले.

त्या रात्री गाडीतल्या छोट्या टेबलावर भावाचा नकाशा पसरलेला होता. त्यात प्रत्येक पायवाट बारीक तुटक रेघेने दाखवलेली होती. आईने तो बराच वेळ पाहिला, चष्मा काढला आणि मला विचारले, “अरे, आमची शाळेची वाट कुठल्या नकाशात असेल का रे?”

आईच्या माहेरच्या घरापासून एक पाखाडी खाली उतरत असे. पऱ्यावर दोन फळ्यांचा साकव, मग आगराच्या कडेने वाट, आणि पलीकडे शाळा. सगळी मिळून पाऊण मैल. आई चार वर्षे त्या वाटेने शाळेत गेली. आज ती वाट नाही. कुणी दुष्टपणाने ती बंद केली असेही नाही. डांबरी सडक झाली, मुले गाडीने जाऊ लागली, वाटेवर झुडपे माजली, साकव मोडला. आणि मग ज्याची जमीन होती त्याने एके दिवशी सरळ कुंपण घातले. कुणी विचारले नाही, कारण कुणी चालतच नव्हते. वाट मरते ती अशी. आधी पावले थांबतात; कुंपण मागाहून येते.

परत आल्यावर दिवाळीच्या सुटीत आम्ही गावी गेलो आणि गावाचा नकाशा मिळवला. आपल्याकडे महसुली गावनकाशा असतो हे बहुतेकांना ठाऊक असते, पण तो पाहिलेला असतो फार थोड्यांनी. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. आईची वाट त्यावर होती! एक नाजूक तुटक रेघ, पऱ्या ओलांडून शाळेपर्यंत जाणारी. आईने तिच्यावरून बोट फिरवले. बोलली मात्र काही नाही.

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडेही वाटेचा हक्क ही नवी गोष्ट नाही. ‘वहिवाट’ हा शब्दच पाहा ना! वाहती आहे ती वाट. पाणंद, पांदण, शिवरस्ता, पाखाडी, गाडीवाट. शब्द किती आहेत आपल्याजवळ! १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमान्वये, शेतात जाण्याची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट मिळण्याबद्दलही तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. २०२१ मध्ये शासनाने शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजनाही आणली. हे सारे आहे. तरीपण माझे म्हणणे असे की कचेरीची पायरी चढण्याआधी वाटेवर पाऊल टाकावे. जी वाट रोज चालती असते तिला सहसा कुणी कुंपण घालीत नाही.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. आपल्या शाळेभोवती मैल-दीड मैलाच्या तीन वाटा शोधून काढा. एक ओढ्याची, एक टेकडीची, एक शिवाराची. गावनकाशा समोर ठेवा. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना आणि दोन म्हाताऱ्या बायांना विचारा. सरपणाची आणि पाण्याची वाट बायांनाच अधिक ठाऊक असते. जमीन खाजगी असेल तर मालकाला आधी भेटा, ग्रामपंचायतीला सांगा. मग मुलांना घेऊन चाला. काही साध्या गोष्टी पाळाव्यात. वाट जिथे सुरू होते तिथेच परत येणारी असावी. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली हिशेब घालून दिला की धडधाकट माणसाला तीन मैलांना एक तास लागतो, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असली की मी हा वेळ सरळ दुप्पट धरतो. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला सर्वांच्या पुढे ठेवावे. मागे ठेवले की तो बिचारा दमतोही आणि हिरमुसतोही. पिण्याचे पाणी बरोबर असावे. उन्हाळ्यात दहाच्या आत परतावे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले असेल तर वाट कितीही ओळखीची असो, परत फिरावे. गवतात काठी आपटीत चालावे. व्यायलेली गाय वासराजवळ असेल तर तिला लांबून वळसा घालावा. हा नियम मॅलमला आहे तसाच आपल्याकडेही आहे. उभ्या पिकात पाय घालू नये, आंब्या-काजूला हात लावू नये. आणि बेडे उघडले तर लावून यावे.

मुलांनी परत आल्यावर निबंध लिहावा असा आग्रह धरू नका. त्यांना वाटेचा नकाशा काढू द्या. कुठे विहीर, कुठे वडाचे झाड, कुठे कुंपण. पाच वर्षांनी तोच नकाशा दुसऱ्या मुलांच्या हाती द्या आणि विचारा, यातले काय नाहीसे झाले? गावाच्या इतिहासाचा याहून चांगला पाठ मला तरी सुचत नाही.

आईच्या वाटेचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. शाळेतल्या एका उत्साही शिक्षकांनी मुले बरोबर घेतली, दोन रविवार कोयते चालवले आणि घरापासून पऱ्यापर्यंतची पाखाडी मोकळी केली. दगडी पायऱ्या जशाच्या तशा होत्या. वर फक्त पालापाचोळा आणि माती साचली होती. पऱ्याच्या पलीकडे मात्र कुंपण आहे. सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटून गेलेली आहे. कुंपणाच्या मालकाशी बोलणे चालू आहे. तो म्हणतो, “वाट देईन, पण गुरं आत शिरली तर नुकसान कोण भरणार?” त्याचेही म्हणणे खोटे नाही. आईने त्याला निरोप धाडला आहे की तिथे बेडे घालून दे, ते लावून घ्यायला मुलांना मी शिकवीन.

अजून उत्तर आलेले नाही. पण आई गावी असली की रोज सकाळी पाखाडी उतरून पऱ्यापर्यंत जाते, पाण्याशी थोडा वेळ बसते आणि परत येते. वाटेने रोज कुणीतरी चालले पाहिजे, असे ती म्हणते.

श्रोते हो, उद्या सकाळी आपणही आपल्या गावातल्या एखाद्या वाटेवर पाऊल टाकाल का? फार लांब नको. मैलभर पुरे. बरोबर एखादे मूल असू द्या आणि जमले तर एखादी आजी.